हे कुणी म्हटलं?

काही महिन्यांपूर्वी एका मुलीने माझ्या टेबलावर फाइल ठेवली. वर पारदर्शक कव्हर, स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर कॉलेजचं रंगीत बोधचिन्ह आणि खाली विषय : 'सोलापूर शहरातील विडी उद्योग : एक अभ्यास'. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा फील्ड प्रोजेक्ट. आत बावीस पानं. पहिलं वाक्य असं होतं की विडी उद्योग हा भारतातील एक महत्त्वाचा कुटीरोद्योग असून त्याला दीर्घ परंपरा लाभलेली आहे. शेवटचं वाक्य असं होतं की शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देणे काळाची गरज आहे. मधली पानंही याच चालीवर.

मी तिला बसवलं. विचारलं, राहतेस कुठे?

"विडी घरकुलात, मॅडम."

आई काय करते?

"विड्या वळते."

आणि तू?

ती जरा थांबली. "मीपण वळते. सुट्टीत. कधी रात्री."

बावीस पानांत तिची आई नव्हती, ती नव्हती आणि ज्या सुपात तंबाखू घेऊन दोघी बसतात ते सूपही नव्हतं. मी म्हटलं, छाट म्हणजे काय ते सांग. मग ती पुढची वीस मिनिटं बोलत होती. हजार विड्या मोजून नेल्या तरी कारखान्यात चेकर जुडी हातात घेतो, दाबून बघतो, तोंडाकडचा भाग बघतो आणि काही बाजूला टाकतो, ती छाट. छाटीचे पैसे आईच्या हिशेबात धरत नाहीत. पावसाळ्यात छाट जास्त निघते. आई म्हणते पानच ओलं दिलेलं असतं, पान वाळलं की विडी सैल पडते. चेकर म्हणतो तुझा हात ढिला झालाय. शेजारची मावशी म्हणते, सणाच्या आधी छाट नेहमीच वाढते, पावसाचा काही संबंध नाही.

मी तिला म्हटलं, बाई, तुझा प्रोजेक्ट हा आहे. पावसाळ्यात छाट खरंच वाढते का, आणि का वाढते याबद्दल कोण काय म्हणतं? फाइल घरी घेऊन जा.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पंचवीस वर्षं बघत आले आहे. "मॅडम, पण हे असं लिहिलं तर चालतं?"

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिते आहे. विद्यापीठातलं लेखन म्हणजे आपल्या नसलेल्या भाषेत, आपण न बघितलेल्या गोष्टींबद्दल, कुणीही न म्हटलेली वाक्यं लिहिणं, असं आपण आपल्या मुलांना शिकवून ठेवलं आहे. ते कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेलं नाही. दहावीपासून गाइड, मग झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, मग टायपिंगवाल्याकडच्या तयार फाइली आणि आता मोबाइलवर प्रश्न टाकला की मिनिटात येणारी चार पानं, या सगळ्यांतून ते मुलांच्या अंगात मुरतं. दोष मुलांचा नाही. ज्या वर्गात कधीच कुणी लिहिलेलं पान परत दिलं नाही, त्या वर्गात लिहायला शिकणार कसं?

माझंही असंच झालं होतं. आमचं घर साखर पेठेत. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी. एम.ए.ला पहिला निबंध गिरणी कामगारांवर लिहायचा होता. माझे आजोबा शहरातल्याच एका गिरणीत आयुष्यभर कामाला होते, तरी मी तीन पुस्तकांतून उतारे काढले आणि बारा पानं भरली. सरांनी आठवड्याने निबंध परत दिला. समासात शिसपेन्सिलीने एकच वाक्य अकरा ठिकाणी लिहिलेलं होतं : 'हे कुणी म्हटलं?' आणि शेवटच्या पानावर : 'आजोबांना विचारलंस का?'

मी विचारलं. आजोबा म्हणाले, तीन वर्षं बदलीत काढली, मग कायम झालो. बदली म्हणजे रोज पहाटे फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर काम मिळायचं, नाहीतर घरी परत. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, तीन कुठली, सात. थोरलीच्या वेळी बदलीच होते, धाकट्याच्या बारशाला कायम झाले. पत्र्याच्या पेटीत आजोबांचे कागद होते. त्यावर पाचवं वर्ष निघालं. मी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले की आता खरं काय लिहू. सर म्हणाले, तिन्ही लिही. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कुठल्या कागदावर काय आहे ते लिही आणि मग तुला काय वाटतं ते वेगळं लिही.

मला संशोधन म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आजीने वर्षं बाळंतपणांवर मोजली होती, आजोबांनी आपल्या अभिमानावर आणि गिरणीने आपल्या सोयीवर. तिघांची मोजणी वेगळी का, हा निबंध मी पुढे लिहिला. तळटीप म्हणजे काय हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. 'आजी, घरी झालेलं बोलणं' अशी पहिली तळटीप मी स्वतःच्या हाताने घातली, तेव्हा ते शिकले.

तळटीप आणि संदर्भ यांची मुलांना फार भीती वाटते. स्वल्पविराम कुठे द्यायचा, साल आधी की प्रकाशक आधी, यातच त्यांचा जीव जातो. ते सगळं एका दुपारी शिकता येतं. संदर्भाच्या मागची सवय अंगी बाणायला मात्र वेळ लागतो. आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. मे १९३० मध्ये सोलापूरने इंग्रजांचं राज्य झुगारलं, मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून रोज जाणारी आमची मुलं यावर दरवर्षी निबंध लिहितात. त्या मे महिन्यात सोलापूर 'तीन दिवस' स्वतंत्र होतं असं कुणी लिहितं, 'चार दिवस' असं कुणी. दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. मी वर्गात विचारते, तीन की चार? पहिला दिवस कुठला धरलात? कलेक्टरची सत्ता संपली असं कोण ठरवणार, आणि शेवटचा दिवस कुठला? वर्ग शांत होतो. मग एखादा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, मॅडम, त्या दिवसांतली वर्तमानपत्रं बघितली पाहिजेत. त्या क्षणी तो विद्यार्थी विद्यापीठात आला असं मी मानते, प्रवेश त्याने दोन वर्षांपूर्वी घेतलेला असला तरी.

दुसरं उदाहरण सेटलमेंटचं. सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की पुरतं. तिथली मुलं आमच्याकडे शिकतात, फॉर्मवर पत्ता म्हणून तेच लिहितात. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेण्याची ती जागा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. नेहरूंनी स्वतः येऊन इथली तार तोडली, असं त्या वस्तीत सांगितलं जातं. पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. आमच्या एका विद्यार्थ्याला मी म्हटलं, ही गोष्ट तू तुझ्या आजोबांकडून ऐकलीस, त्यांनी कुणाकडून ऐकली? त्या वेळी तिथे उभं असलेलं कुणी आहे का? त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काय छापतं? तो आधी दुखावला. त्याला वाटलं मी ती गोष्ट खोटी म्हणते आहे. मी म्हटलं, अरे, एवढी मोठी गोष्ट आहे म्हणूनच तिला पुरावा मिळाला पाहिजे. तुझ्या वस्तीने ती जपली, आता तू ती कागदावर उभी कर. लोकांच्या आठवणीचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

पुरावा तपासण्याचं हे काम आपल्या गावाला परकं नाही, हे मुलांना सांगायला हवं. सोलापूर म्हणजे चादर, शेंगाचटणी आणि गड्ड्याची यात्रा, एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. याच शहरातल्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला काढली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी त्यासाठी आपली संपत्ती दिली. या मालेतला पहिला ग्रंथ म्हणजे यतिवृषभांच्या 'तिलोयपण्णत्ति' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग. तो १९४३ साली निघाला आणि दुसरा १९५१ साली. संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. उपाध्ये मूळचे सदलग्याचे, सीमाभागातले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवायचे. ती पानं मी वर्गात दाखवते. वर मूळ गाथा आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पाठभेद : या हस्तलिखितात हा शब्द आहे, त्या हस्तलिखितात तो. आपल्याला जो पाठ बरोबर वाटला तो त्यांनी वर घेतला, पण जो सोडला तोही वाचकापासून लपवला नाही. महायुद्धाच्या काळात, कागदाची टंचाई असताना, एकेका अक्षराच्या फरकासाठी या गावातल्या संस्थेने कागद खर्च केला आहे.

आणि पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकच अभंग म्हणत सोबत चालणाऱ्या बायका जेवणाच्या वेळी मात्र जातीजातीने वेगळ्या बसत, हे त्यांनी लिहून ठेवलं. वारीत भेद नसतो असं म्हणणं सोपं होतं आणि लोकांना आवडलंही असतं. त्यांचं त्या माणसांवर प्रेम होतं आणि तरी जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. रा. चिं. ढेरे यांनी प्रश्न विचारला की विठ्ठल हा देव पंढरीत उभा राहण्याआधी कुणाचा होता, आणि त्याचा माग धनगर-गवळ्यांच्या परंपरांत आणि पार आंध्र-कर्नाटकापर्यंत काढला. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ चं. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं वर्गात बसलेली असतात. असा प्रश्न विचारायला त्यांच्याइतकी तयारी महाराष्ट्रात फार थोड्यांची असेल. त्यांची घरची भाषा ही अडचण आहे असं आपण त्यांना पहिल्या दिवसापासून भासवतो, ही आपली मोठी चूक आहे.

भाषेवरून आठवलं. मुलांच्या लिखाणात मी तीन शब्दप्रयोगांखाली रेघ मारते : 'दिसून येते', 'मानले जाते', 'करण्यात येते'. दिसून येते, पण कुणाला? मानले जाते, पण कोण मानतं? करण्यात येते, कोण करतं? विडीच्या प्रोजेक्टमध्ये 'कामगारांचे शोषण केले जाते' असं वाक्य होतं. करतो कोण, ते वाक्यात नाही, त्यामुळे ते वाक्य कुणालाच लागत नाही. त्याच मुलीने तोंडी सांगितलं होतं, 'चेकर छाट काढतो आणि त्याचे पैसे आईला मिळत नाहीत.' कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. हे वाक्य तपासता येतं. खोटं असेल तर खोडता येतं. विद्वत्तेची भाषा म्हणून आपण जी जड मराठी मुलांच्या हाती दिली, तिने त्यांच्या वाक्यांतले कर्ते काढून घेतले. साध्या मराठीत लिहिलं तर गुण कमी पडतील ही भीती त्यांच्या मनातून शिक्षकांनीच काढायची आहे, कारण ती तिथे घातली शिक्षकांनीच.

आता नियमांबद्दल थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. प्रबंधात इतरांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर बंदी आणि साठच्या वर नोंदणी रद्द. नियम हवाच होता. पण मुलांपर्यंत त्यातला फक्त आकडा पोहोचला. मग 'महत्त्वाचा'चं 'मोलाचं' करायचं, वाक्य उलटं फिरवायचं आणि टक्का खाली आणायचा, हेच लेखनकौशल्य होऊन बसलं. सॉफ्टवेअरला शब्दांचं साम्य कळतं. दुसऱ्याचा विचार आपला म्हणून मांडला, हे त्याला कळत नाही आणि ही छाट तू स्वतः बघितलीस का, असं ते विचारत नाही. ते विचारायला माणूस लागतो. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी नियतकालिकात लेख छापलाच पाहिजे ही अट आयोगाने २०२२ मध्ये काढली. ते योग्य झालं असं माझं मत आहे. त्या अटीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचं पीक आलं होतं आणि गरीब घरातल्या मुलांनी त्यांना कर्ज काढून पैसे दिलेले मी पाहिले आहेत.

लिहायला शिकवण्याचा हा प्रश्न लवकरच आणखी टोकदार होणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीतच फील्ड प्रोजेक्ट आला आहे, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट खुली आहे. आपल्या विद्यापीठाची स्थापना २००४ ची, एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतच्या कॉलेजांतली मुलं या चौथ्या वर्षाला येतील. त्यातली बरीचशी घरातली पहिली पदवीधर असतील. त्यांना संशोधन करा म्हणून सांगायचं आणि एक परिच्छेद कसा लिहायचा हे तीन वर्षांत एकदाही शिकवायचं नाही, हा अन्याय आहे.

मुलांना माझं सांगणं थोडकं आहे. विषय शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. ज्या गोष्टीवरून तुमच्या घरात दोन माणसांचं एकमत नाही, ती गोष्ट घ्या. त्यावर एक पान लिहा, ज्यात प्रत्येक वाक्यापुढे 'हे कुणी म्हटलं?' या प्रश्नाचं उत्तर देता येईल. मग वाचायला लागा. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयाचा एखादा उघडा आणि आधी त्याची संदर्भसूची बघा. तिथून पुढच्या पुस्तकांची वाट मिळते. हिराचंद नेमचंद वाचनालयात जा आणि तिथल्या माणसांना विचारा, ते मदत करतात. आणि लिहिलेलं परत आलं तर खचू नका. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध परीक्षकांनी फिरून लिहायला लावला होता. त्यांनी तो मुंबईत बसून फिरून लिहिला, आणि १९२३ साली तो पुस्तकरूपाने आला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांनी आपले लेखकाशी मतभेद आहेत हे त्या प्रस्तावनेतच सांगितलं.

ती मुलगी आता चौथा खर्डा लिहिते आहे. बावीस पानांची सात झाली. जुलैपासून ती आईच्या रोजच्या विड्या आणि रोजची छाट एका वहीत टिपते आहे, शेजारच्या चार घरांतलीही. ग्रंथालयात तिला विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा सापडला. नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरून होणारे वाद कसे सोडवायचे याची २०२५ मध्ये रद्द झालेल्या त्या कायद्यात तरतूद होती, हे वाचून ती धावत स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, आईच्या छाटीचं कायद्यात होतं!" तिने ते आईला वाचून दाखवलं. आईचं त्यावरचं म्हणणं तिसऱ्या पानावर आहे, आईच्या नावाच्या तळटिपेसह. मावशीचं सणाचं कारण वहीतल्या आकड्यांत अजून तरी टिकत नाही, पण दिवाळी व्हायची आहे, म्हणून तिने ते खोडलेलं नाही.

माझ्या सहकारी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. साठ मुलांचा वर्ग, वर परीक्षांचं काम, रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावरचे अपुऱ्या मानधनावर राबणारे शिक्षक, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही या सत्रात प्रत्येक मुलाकडून एक पान घ्या, हाताने लिहिलेलं. ते वाचा, समासात प्रश्न लिहा आणि आठवड्याच्या आत परत द्या. मग तेच पान पुन्हा लिहून घ्या. साठ पानं दोन संध्याकाळींत वाचून होतात. मी वाचली आहेत.